तिसरी सीडी

मॅक ओएस टेनची पहिली आवृत्ती २४ मार्च २००१ रोजी विक्रीला आली, तेव्हा १२९ डॉलरच्या त्या बॉक्समध्ये तीन सीडी होत्या. पहिली नव्या प्रणालीची. दुसरी जुन्या मॅक ओएस ९.१ची, कारण लोकांचे रोजच्या कामाचे बरेचसे प्रोग्रॅम अजून तिच्यावरच चालत होते. आणि तिसरीवर छापलं होतं ‘डेव्हलपर टूल्स’. ती कुणी मागितली नव्हती, तिचे वेगळे पैसेही नव्हते. बॉक्स घेणारा छापखान्याचा मालक असो, संगीतकार असो की शाळकरी पोर, प्रोग्रॅम लिहायला लागणारी सगळी अवजारं आपसूक त्याच्या घरी पोचत होती.

हे किती मोठं होतं ते कळायला थोडं मागं जावं लागतं. १९८४ साली मॅकिंटॉश आला तेव्हा त्याच्यासाठी प्रोग्रॅम लिहायचा तर सुरुवातीला अ‍ॅपलचंच लिसा हे दुसरं, कितीतरी महाग यंत्र लागे. पुढे मॅकवरच लिहिता यायला लागलं, पण एमपीडब्ल्यू, थिंक सी, कोडवॉरियर हे सगळे विकत घ्यायचे प्रकार. तिसऱ्या सीडीवरची अवजारं आणखी वेगळ्या घरातून आली होती. स्टीव्ह जॉब्ज यांच्या नेक्स्ट कंपनीत ती तयार झाली आणि तिथं त्यांच्यासाठी हजारो डॉलर मोजावे लागत. ज्याँ-मारी उलो या फ्रेंच संगणकतज्ज्ञानं घडवलेला, प्रोग्रॅमच्या खिडक्या-बटणं मांडायचा इंटरफेस बिल्डर त्यांतलाच. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली सर्नमध्ये जगातला पहिला वेब ब्राउझर लिहिला तो नेक्स्टच्या यंत्रावर, याच अवजारांनी. डिसेंबर १९९६मध्ये अ‍ॅपलनं नेक्स्ट विकत घेण्याचं जाहीर केलं, आणि पाच वर्षांच्या आत ती सगळी शिदोरी एका फुकट सीडीवर येऊन बसली. संगणकाच्या इतिहासात यापेक्षा नाट्यमय गोष्टी पुष्कळ आहेत, पण मला ही सर्वांत जवळची वाटते.

ऑक्टोबर २००३मध्ये पँथर, म्हणजे १०.३ आवृत्ती आली आणि टूल्समधला प्रोग्रॅम लिहायचा मुख्य प्रोग्रॅम, प्रोजेक्ट बिल्डर, त्याची जागा एक्सकोडनं घेतली. साधारण त्याच काळात मी पुण्यात एका छोट्या कंपनीत लागले. छपाईच्या धंद्याला लागणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहायचो. मॅक तेव्हा आपल्याकडे बहुधा जाहिरात कंपन्यांत आणि डीटीपीवाल्यांकडेच दिसत, त्यामुळे आमचं गिऱ्हाईकही तेच. टीममधल्या सर्वांत ज्येष्ठ सहकाऱ्यांना आम्ही ‘सर’ म्हणायचो. त्यांच्याकडे चेन लावायची एक काळी थैली होती. तिच्यात सगळ्या आवृत्त्यांच्या सीडी, प्रत्येकीवर मार्करनं तारीख आणि कुठल्या मशिनवर चढवली त्याची नोंद.

टूल्स बसवली की हार्ड डिस्कच्या अगदी दर्शनी भागात, अ‍ॅप्लिकेशन्स, लायब्ररी, सिस्टिम आणि यूझर्स यांच्या रांगेत, ‘डेव्हलपर’ नावाचं पाचवं फोल्डर दिसायला लागे. डिस्क उघडली की समोर. ते उघडायला कुणाची परवानगी लागत नव्हती, आतली नावंही सरळ होती: अ‍ॅप्लिकेशन्स, डॉक्युमेंटेशन, एक्झाम्पल्स, टूल्स. मी जी काही मॅकवर प्रोग्रॅम लिहायला शिकले, ती या ‘एक्झाम्पल्स’मध्ये हिंडून. तिथं टेक्स्टएडिटचा पूर्ण सोर्स होता. टेक्स्टएडिट म्हणजे प्रत्येक मॅकवर असतो तोच, पत्रं आणि टिपणं लिहायचा छोटा प्रोग्रॅम. तो रोज वापरायचा, आणि वाटलं तर तोच उघडून, त्याच्या मेनूत स्वतःची एक ओळ घालून, बिल्ड करून पुन्हा चालवायचा. शेजारी स्केच नावाचा चित्रं काढायचा प्रोग्रॅम, तोही तसाच उघडा. वापरायची वस्तू आणि ती कशी केली त्याचं रहस्य एकाच डिस्कवर शेजारी शेजारी असणं, याचा माझ्यावर झालेला परिणाम अजून उतरलेला नाही. कागदपत्रंही सगळी स्थानिक होती. नेट नसलं तरी अ‍ॅपकिटमधला कुठलाही क्लास काढून वाचता येई, आणि नेट तेव्हा नसायचंच फार वेळा.

अपग्रेडसाठी शनिवार राखलेला असे. आदल्या संध्याकाळी कार्बन कॉपी क्लोनरनं संपूर्ण डिस्कची नक्कल बाहेरच्या फायरवायर डिस्कवर घ्यायची. टाइम मशीन २००७ साली आलं, तोवर बॅकअप ही ज्याची त्याची जबाबदारी होती. सकाळी सीडी घालून ‘सी’ दाबून मशिन चालू करायचं आणि इन्स्टॉलर तीन रस्ते दाखवायचा. आहे त्यावर अपग्रेड करा, सगळं पुसून नव्यानं बसवा, किंवा ‘आर्काइव्ह अँड इन्स्टॉल’. हा तिसरा सरांचा लाडका. त्यात जुनी प्रणाली ‘प्रीव्हियस सिस्टिम्स’ नावाच्या फोल्डरमध्ये सरकवली जाई आणि नवी कोरी तिच्या जागी बसे. महिन्याभरानं एखादी विसरलेली कॉन्फिगरेशन फाइल आठवली तरी ती तिथं जाऊन उचलता यायची.

प्रणाली झाली की टूल्सची पाळी. आधी जुनी काढायची. त्यासाठी टूल्सच्याच फोल्डरमध्ये एक अनइन्स्टॉल स्क्रिप्ट असे. ती टर्मिनलमधून चालवायची, मशिन रीस्टार्ट करायचं, मग नवी सीडी. तिथं ‘कस्टमाइझ’ दाबलं की यादी येई: बीएसडी एसडीके (एसडीके म्हणजे प्रोग्रॅम बनवायला लागणारा संच), एक्स-११ एसडीके, जुन्या प्रणालींसाठी प्रोग्रॅम बनवायची एसडीके, कागदपत्रं. प्रत्येक चौकोनापाशी सर थांबायचे आणि विचारायचे, “हे कशाला लागतं आपल्याला?” उत्तर आल्याशिवाय टिक करू द्यायचे नाहीत. जीसीसी या कंपायलरच्या दोन आवृत्त्या शेजारी नांदत आणि ‘जीसीसी_सिलेक्ट’ ही आज्ञा देऊन त्यांतली हवी ती निवडायची असे; कुठल्या गिऱ्हाइकाचं काम कुठल्या कंपायलरवर होतं हे टीममधल्या प्रत्येकाला तोंडपाठ असायचं. दुपारी डबे खाऊन होईपर्यंत मशिनं तयार होत. एखादं अडलंच तर ते चालू करताना ‘टी’ दाबून धरायचं. ते नुसतं डिस्क बनून फायरवायरच्या केबलनं शेजारच्या मशिनला जोडलं जाई आणि त्यातली फाइल बाहेर काढता येई.

एक्सकोड १.०मध्ये एक सोय होती जिचं मला आजही अप्रूप आहे. ऑफिसच्या नेटवर्कवरची इतर मॅक राँदेव्हू या तंत्रानं आपोआप शोधून (त्यालाच पुढे बाँजूर म्हणायला लागले) कंपाइल करायचं काम ती त्यांच्यात वाटून देई. एकाचा मोठा बिल्ड चालू झाला की बाकीच्यांच्या मशिनचे पंखे घुमायला लागत. “कोणाचा बिल्ड चाललाय?” असं कुणीतरी ओरडायचं आणि सगळ्यांना कळायचं की छपाईचं मोठं मॉड्यूल आज पुढे सरकलं.

मग २००८ उजाडलं. ६ मार्चला आयफोनसाठी एसडीके जाहीर झाली आणि पहिल्या चारच दिवसांत ती एक लाखाहून जास्त वेळा डाउनलोड झाल्याचं अ‍ॅपलनं सांगितलं. पुण्यात ज्यांनी कधी मॅकला हात लावला नव्हता अशा कंपन्या मॅक मिनी शोधू लागल्या. टूल्सची आवृत्ती आता दीड-दोन वर्षांनी येईना. काही महिन्यांनी येऊ लागली, आणि येऊ लागली ती नेटवरून. २००४च्या सरकारी धोरणानुसार आपल्याकडे ब्रॉडबँड म्हणजे सेकंदाला २५६ किलोबिट. त्या वेगानं एक जीबी उतरवायला जवळपास नऊ तास लागतात, आणि ही फाइल एका जीबीहून मोठी. रात्री २ ते सकाळी ८ मोजणी नसलेले प्लॅन होते, त्यांवर लोक डाउनलोड लावून झोपत. ज्याच्या घरचं कनेक्शन जरा बरं, तो सोमवारी हार्ड डिस्क घेऊन यायचा आणि ती दिवसभर टेबलाटेबलावरून फिरायची. पुढे फाइल चार जीबीच्या पार गेली तेव्हा ती पेन ड्राइव्हवर चढेना, कारण फॅट-३२ पद्धतीत त्याहून मोठी फाइल मावतच नाही. का मावत नाही, हे त्या निमित्तानं ऑफिसातल्या सगळ्यांनी शिकून घेतलं.

माझ्या मते बदलाची खरी रेघ २०११-१२ साली ओढली गेली. मार्च २०११मध्ये एक्सकोड ४ आलं. इंटरफेस बिल्डर हा वेगळा प्रोग्रॅम राहिला नाही, तो एक्सकोडच्या पोटात गेला. जुलैत आलेली लायन ही प्रणाली आधी नेटवरूनच मिळाली, डीव्हीडीची परंपरा तिथं थांबली. आणि फेब्रुवारी २०१२मध्ये एक्सकोड ४.३बरोबर ‘डेव्हलपर’ फोल्डर गेलं. सगळी टूल्स, एसडीके आणि सिम्युलेटर एक्सकोड या एकाच अ‍ॅपच्या आत, ‘कंटेन्ट्स’च्या खाली जाऊन बसले. तांत्रिकदृष्ट्या निर्णय अगदी योग्य होता. जुनी आवृत्ती काढायची तर अ‍ॅप कचरापेटीत टाकलं की काम झालं, अनइन्स्टॉल स्क्रिप्टची गरज उरली नाही. दोन आवृत्त्या हव्यात तर दोन अ‍ॅप ठेवा आणि ‘एक्सकोड-सिलेक्ट’नं त्यांतलं एक निवडा. हे सगळं मान्य करूनही ते पाचवं फोल्डर गेलं त्याचं मला वाईट वाटलं. नव्या मुलाच्या डोळ्यांसमोर आता तसं काही नव्हतं. एक निळं चिन्ह होतं, आणि त्याच्या आत काय आहे ते बघायचं तर राइट-क्लिक करून ‘शो पॅकेज कंटेन्ट्स’ म्हणावं लागतं, हे आधी माहीत असायला हवं.

पुढची पायरी २०१३ची, मॅव्हरिक्सची. तेव्हापासून टर्मिनलमधले गिट, मेक, क्लँग हे प्रोग्रॅम मॅकवर असल्यासारखे दिसतात, पण नसतात. /यूएसआर/बिनमध्ये त्यांच्या नावाच्या फक्त छोट्या चिठ्ठ्या ठेवलेल्या असतात. आज्ञा दिली की चिठ्ठी शोधते, सध्या निवडलेली टूल्स कुठं आहेत, आणि काम तिकडे पाठवते. टूल्स नसतील तर खिडकी उघडून विचारते, बसवू का? दरवर्षी मोठ्या अपग्रेडनंतर जगभरचे प्रोग्रॅमर ज्या संदेशापाशी अडतात तो इथलाच: सक्रिय डेव्हलपर पाथ अवैध आहे. कमांड लाइन टूल्सचं फोल्डर अपग्रेडमध्ये गेलेलं असतं, चिठ्ठी रिकाम्या जागेकडे बोट दाखवते, आणि साधं ‘गिट स्टेटस’सुद्धा चालत नाही. उपाय एका ओळीचा आहे, ‘एक्सकोड-सिलेक्ट --इन्स्टॉल’. पाच-दहा मिनिटांत गाडी रुळावर. आमच्या टीमची नवी मुलं ही ओळ दरवर्षी टाइप करतात. चिठ्ठ्यांची गोष्ट सांगितली की त्यांचे डोळे चमकतात, म्हणून मी ती दरवर्षी सांगते.

नव्या काळाचं देणं मोठं आहे आणि ते मी मनापासून मोजते. पूर्वी मुक्त सॉफ्टवेअर बसवायचं तर फिंक किंवा डार्विनपोर्ट्स, ज्याचं पुढे मॅकपोर्ट्स झालं. बरंचसं सोर्सपासून कंपाइल होई. क्यूटीसारखी मोठी लायब्ररी असेल तर रात्र जायची, आणि पहाटे चुकीच्या हेडरवर येऊन थांबायची. २००९ साली मॅक्स हॉवेल यांनी होमब्रू सुरू केलं. आज तयार बायनरी मिनिटांत उतरतात. २०१५च्या एल कॅपिटनपासून /यूएसआरमध्ये कुणालाच लिहिता येत नाही, फक्त /यूएसआर/लोकल मोकळं राहिलं. २०१९च्या कॅटालिनात प्रणालीचा अख्खा भाग केवळ वाचण्यापुरता झाला. त्यामुळे आपण चढवलेलं आणि प्रणालीचं स्वतःचं यांची सरमिसळ संपली. जुन्या काळी ती सोडवताना शनिवारचा रविवार व्हायचा.

हातोहात फिरणाऱ्या डिस्कबद्दलही खरं ते लिहायला हवं. सप्टेंबर २०१५मध्ये एक्सकोडघोस्ट प्रकरण उघडकीला आलं. चीनमध्ये मूळ डाउनलोड फार हळू चाले, म्हणून कित्येक प्रोग्रॅमरांनी स्थानिक फाइल-साठ्यांवरून एक्सकोड घेतलं होतं. त्या प्रतीत कुणीतरी फेरफार केले होते, आणि तिनं बनवलेल्या प्रत्येक अ‍ॅपमध्ये नको तो कोड शिरत होता. वीचॅटसारखं कोट्यवधी लोकांचं अ‍ॅपही त्यात सापडलं. आमच्या टेबलांवरून फिरणाऱ्या डिस्कवरच्या फाइलची डिजिटल सही कुणी तपासत नव्हतं. आमचा भरवसा माणसांवर होता. आता एक्सकोडची फाइल उघडताना मशिन तिची सही आधी तपासतं, तेव्हा ती प्रगतीची पट्टी कितीही रेंगाळली तरी मला तिचं काही वाटत नाही.

कंपायलर बदलला ती हकिकत मात्र मी वेगळ्या अभिमानानं सांगते. जीसीसीची ४.२.१ ही जुन्या परवान्याखालची शेवटची आवृत्ती. २००७च्या नव्या परवान्यानंतर अ‍ॅपल त्यापुढे गेलं नाही. त्याची जागा घेतली एलएलव्हीएम आणि क्लँगनं. एलएलव्हीएमची सुरुवात २००० साली इलिनॉय विद्यापीठात झाली, ख्रिस लॅटनर हा विद्यार्थी आणि विक्रम आडवे हे त्याचे प्राध्यापक. आडवे यांचं बी.टेक. आयआयटी मुंबईचं. पवईतून निघालेल्या माणसाचा हात आज प्रत्येक आयफोन अ‍ॅपच्या जडणघडणीत आहे. २०१२चा एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार आडवे, लॅटनर आणि इव्हान चेंग यांना मिळाला, तेव्हा ती बातमी मी छापून ऑफिसच्या फळ्यावर लावली होती.

मग हरवलं काय? माझ्या मते, स्वतःच्या मशिनवर कधी काय बदलायचं हे ठरवण्याचा हक्क. टायगरची २००५ची डीव्हीडी आजही त्या काळच्या मॅकमध्ये घातली तर प्रणाली आणि टूल्स दोन्ही बसतात. त्यानंतरच्या काळात जपून ठेवलेले कित्येक डाउनलोड इन्स्टॉलर २४ ऑक्टोबर २०१९ला सहीच्या प्रमाणपत्राची मुदत संपल्यावर चालेनासे झाले. पुन्हा उतरवून घ्यावे लागले. आणि आता साखळी पुरी जोडलेली आहे. २४ एप्रिल २०२५ला नियम लागू झाला: अ‍ॅप स्टोअरला पाठवायचं अ‍ॅप निदान एक्सकोड १६नं बांधलेलं हवं. एक्सकोड १६ला मॅकओएस १४.५ हवं. ते तुमच्या मॅकवर चढत नसेल तर मॅक नवा हवा. पूर्वी नवी आवृत्ती घ्यायची की नाही यावर आम्ही महिनाभर वाद घालायचो, कारण १२९ डॉलर खर्च व्हायचे. २०१३पासून प्रणाली फुकट आहे आणि वाद घालायला तारीखच शिल्लक ठेवलेली नाही.

दुसरं हरवलं ते सरांचं “हे कशाला लागतं आपल्याला?” आता एक ब्रूफाइल असते, होमब्रूनं काय काय बसवायचं त्याची यादी. नव्या मुलीला लॅपटॉप मिळतो, ती एक आज्ञा देते आणि चहा पिऊन येईपर्यंत पन्नासएक गोष्टी बसलेल्या असतात. सिम्युलेटर धरून दहा-पंधरा जीबीचा एक्सकोडही १०० मेगाबिटच्या जोडणीवर पंधरा-वीस मिनिटांत उतरतो. ती पहिल्याच दिवशी कामाला लागते, आणि कुठली लायब्ररी कुणासाठी आहे ते तिला ठाऊक नसतं. ठाऊक असायची गरजही पडत नाही, सप्टेंबरमध्ये नवी प्रणाली येईपर्यंत.

म्हणून आमच्या ब्रूफाइलमध्ये प्रत्येक ओळीच्या वर टिप्पणी सक्तीची आहे: हे कुठल्या कामाला लागतं, कुणी घातलं, कधी काढता येईल. २०२५चं ताहो हे इंटेल मॅकसाठीचं शेवटचं मॅकओएस, त्यामुळे पुढच्या अपग्रेडच्या आधी इंटेल मॅकवरच्या /यूएसआर/लोकलमधलं सगळं आवरून अ‍ॅपलच्या नव्या चिपवर होमब्रू जिथं बसतं त्या /ऑप्ट/होमब्रूकडे यायचं आहे, आणि ही यादी आम्ही सगळ्यांनी एकत्र बसून वाचायला घेतली आहे. गेल्या आठवड्यात टीममधला सर्वांत नवा मुलगा एका ओळीवर अडला. प्रतिमा बदलायची एक जुनी लायब्ररी, टिप्पणी नाही, घालणारा कंपनी सोडून गेलेला. त्यानं कोडभर शोधलं, कुणीच ती वापरत नव्हतं. त्यानं ती ओळ काढली, पूर्ण बिल्ड लावला, आणि बदल का केला ते चार ओळींत लिहून मला तपासायला पाठवलं. मी तो त्याच दुपारी मंजूर केला; आता पुढच्या ओळीवर वाद चालू आहे.